मास्तर जुडीला हात लावीना

उलामिला आमच्या शेजारी राहायला आली तेव्हा सामान म्हणून एक गादी, एक पातेलं आणि बाकी सगळ्या कुंड्या उतरल्या. माझी बायको मेरेसेनी खिडकीतून म्हणाली, "बाई एकटी दिसते, पण बिऱ्हाड मोठं आहे."

आमचा बेटांचा देश; इथल्या सुवा शहरात पाऊस एवढा की कुंपणाच्या खांबालाही पालवी फुटते. तिथे कुंड्या जपणारी बाई म्हणजे गल्लीला आयती करमणूक. त्यात कुंड्यांत फुलंही नाहीत. होती ती यांगोनाची आजारी रोपं. जिची मुळं कुटून पाण्यात कालवतो आणि करवंटीने पीत आम्ही संध्याकाळ घालवतो, तीच यांगोना. तिला मर रोग का लागतो हे शोधायला विद्यापीठाने हिला ठेवलं होतं.

तिचं बेट आणि माझं बेट थट्टेचे सोयरे. पूर्वजांनीच ठरवून दिलंय: समोर आलो की एकमेकांची अब्रू काढायची आणि कुणी रागवायचं नाही. बाकीचे नेमधर्म माझ्याकडून होत नाहीत, हा मात्र मी मनापासून पाळतो.

"काय गं, आज किती मुळांना सलाईन लावलं?" मी कुंपणावरून विचारायचो.

"तुम्हालाच लावणार होते मामा, पण अंगात रक्तच सापडेना. सगळी यांगोना."

पोरगी हुशार. तिचे लेख परदेशात छापून यायचे. पण मी कुंपणावरचा माणूस, मला दिसायचं ते वेगळंच. लेख लिहायला बसली की तिचं तोंड सुकटासारखं व्हायचं, आणि मातीत हात घातला की गाणं सुरू. एके दिवशी तिने मेरेसेनीला सांगितलं की विद्यापीठ आणखी तीन वर्षं ठेवून घ्यायला तयार आहे, पगारही वाढवून देतंय, आणि तिने नाही म्हटलंय. बेटावर वडिलांची डोंगरउताराची जमीन पडून आहे, तिथे तिला रोपवाटिका करायची होती.

"रोग कसा लागतो ते कळलं, मामी. आता रोग न लागलेलं रोप कुणाच्या तरी हातात द्यावंसं वाटतं."

राजीनामा तिने अगदी गोड शब्दांत लिहिला. कचेरीने तो लगेच मंजूर केला. अडलं ते वाइसाके मास्तरांपाशी. हे तिचे प्राध्यापक, तिच्याच बेटाचे. रीतीप्रमाणे मानाचा देवमाशाचा दात घेऊन तिच्या घरी गेले होते आणि 'मुलगी माझ्याकडे शिकायला द्या' असं तिच्या वडिलांना मागून तिला घेऊन आले होते. अशा माणसाला नुसता कागद देऊन निघता येत नाही. यांगोनाच्या मुळांची जुडी पुढे ठेवून निरोप मागायचा. त्यांनी जुडीला हात लावला, टाळी वाजवली, की आपण मोकळे. नाही लावला तर जाता येतं, पण पळून आलेली म्हणून. आणि बेटावर पहिला प्रश्न तोच असतो: कुणाचा निरोप घेऊन आलीस? पळून आलेल्या बाईच्या हातचं रोप तिथे कोण लावणार?

मास्तरांना हे पक्कं ठाऊक. म्हणून जुडी दिसली की त्यांना मीटिंग लागायची. एकदा तर ते नमुन्यांच्या थंड खोलीत जाऊन बसले आणि सर्दी घेऊन बाहेर आले.

शेवटी ती आमच्याकडे आली. "मामा, जुडी ठेवताना आपल्या वतीने बोलायला दुसरं माणूस लागतं. तुम्ही चला."

"मी बसचे टायर बदलतो बाई. तिथे सगळे डॉक्टर."

"डॉक्टर मास्तरांना घाबरतात. तुम्ही त्यांचेही थट्टेचे सोयरे. तुमच्यावर त्यांना रागावताच येत नाही."

मेरेसेनी म्हणाली, "पोरी, तू वकील नाही, वादळ घेऊन चाललीस."

शुक्रवारी दुपारी त्यांच्या विभागात सगळे चटईवर बसून यांगोना पितात. तिथे मास्तर न चुकता असतात, आणि मांडी घातल्यावर मीटिंग आठवत नाही. मी जुडी पुढे सरकवली आणि बोललो. रीतीप्रमाणे, जड शब्दांत, पूर्वजांची नावं घेऊन. माझं मलाच नवल वाटलं. बोलणं संपलं. मास्तर जुडीकडे बघत बसले. हात गुडघ्यांवर. उलामिलाची मान खाली, हातात चटईचा काठ घट्ट धरलेला.

मग मी जड शब्द सोडले. "मास्तर, तुमच्या बेटाची खोडच ही. घेतलेलं परत करायचं नाही. तुमच्या आजोबांनी आमची होडी नेली ती नेलीच. आता ही पोरगीही ठेवून घेता?"

"ती होडी फुटकी होती, रुपेनी! आजोबा पोहत घरी आले!"

सगळे हसले. मास्तरही हसले, आणि हसता हसता खरं बोलून गेले. "काम अर्धं आहे रे. मी निवृत्त झालो की माझी खुर्ची हिला द्यायची, असं मी ठरवलं होतं. हिला विचारायचं तेवढं राहिलं."

अशा वेळी तिने बोलायचं नसतं. ती बोलली. "खुर्ची चांगली आहे, सर. पण मला उभ्यानेच बरं वाटतं. उतारावर. इथलं उरलेलं सगळं नीट लावून दिलंय मी."

मास्तरांनी जुडी ओढली. पण अभ्यासक माणूस, आधी एक मूळ नखाने खरवडलं, हुंगलं. "हे कुठलं?"

"माझ्या कुंपणाकडचं, सर. मीच लावलेलं."

"डाग नाही एकही."

"नाही, सर."

त्यांनी ते मूळ परत जुडीत खोचलं. मग ओंजळीची पोकळ टाळी वाजवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "जा बाई. जगव."

यंदा मेरेसेनीचा हट्ट म्हणून आम्ही तिचं बेट बघायला गेलो. बापाचा उतार रोपांनी हिरवागार, आणि दूरच्या गावांची माणसं रोपं न्यायला होड्या घेऊन आलेली. त्यातल्याच एका होडीतून मास्तर उतरले, काखेत जुडी. तिच्या शेतातल्या मुळांचे नमुने हवे होते. परवानगी मागायची तर रीत आलीच.

"रुपेनी, आलाच आहेस तर बोल माझ्यासाठी."

बोललो. शेत तिचं म्हणून गावच्या म्हाताऱ्यांनी तिलाच पुढे बसवलेलं. जुडी तिच्यासमोर. तिने हात गुडघ्यांवर ठेवले आणि बघत बसली. मास्तरांचे गुडघे दुखू लागले.

"उलामिला, होडी थांबलीय."

"थांबू दे, सर. तुमच्या आजोबांच्या होडीपेक्षा धड दिसते."

मग तिने जुडी ओढली, एक मूळ नखाने खरवडलं आणि हुंगलं. "सर, ही बाजारातली ना? हिला डाग आहे. जाताना आमची रोपं घेऊन जा."

आणि अशी टाळी वाजवली की उताराखालच्या कोंबड्या उडाल्या.