धर्मामामाचा पहिला बीप

धर्मामामाला जेवढ्या लोकांनी बोलताना ऐकलंय, त्याहून जास्त लोकांनी मोजताना ऐकलंय. शहापूर-मुरबाड रस्त्याला लागून असलेल्या आमच्या गावात भात झोडून खळ्यावर रास पडली, की लोक आधी मामाला हाक मारणार आणि मग पोती शोधणार. पायली काय, कोणीही भरेल. पण आकडा म्हणायचा तो मामानेच. त्याचा आवाज नाकातून निघतो, टाळूवर आपटतो आणि मग बाहेर पडतो. म्हसाच्या जत्रेत हरवलेली पोरं पुकारायला लाउडस्पीकर लावतात. तिथे मामाला नुसता खांबावर चढवला असता तरी पोरं आपापल्या आयांना जाऊन चिकटली असती, भीतीने.

मोजायची रीतही त्याची स्वतःची, म्हणजे त्याच्या घराण्याची. बाकी गावांत पहिल्या पायलीला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात आणि पुढे दोन, तीन असं चालतं. मामाच्या घरात लाभ वेगळा आणि एक वेगळा. पहिली पायली भरायची, कपाळापर्यंत उचलायची, 'लाऽऽभ' म्हणायचं आणि परत राशीतच ओतायची. ती पायली राशीची. मग पुन्हा भरून 'एऽऽक'. यात कोणाचं काही जात नाही, कोणाला काही मिळतही नाही, फक्त रास खूश होते. का होते ते विचारलं तर मामा सांगायचा की त्याच्या आज्यानेसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

खळी काय, वर्षातून थोडेच दिवस. एरवी मामा वाशिंदजवळच्या एका गोदामात हमाली करायचा. पाठीवर पोतं, डोक्यावर खोका, कानावर बिडी. गेल्या उन्हाळ्यात त्याचा उजवा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, आता वजन उचलायचं नाही. मामाने विचारलं, मग काय उचलू? डॉक्टरांकडे त्याचं औषध नव्हतं. हमालाने वजन उचलायचं नाही, तर त्याला गोदामात नुसतं उभं राहायला कोणी पगार देत नाही.

त्याच सुमारास गोदामात खोके मोजायचं मशीन आलं. आमची चंद्रकला काकी तिथे खोक्यांना स्टिकर लावते. तिने सुपरवायझरच्या कानावर घातलं की धर्मादादाचा आकडा आजवर चुकलेला नाय. झालं, मशीन मामाकडे आलं. मामा मशीनवर राहिला तर घर चालणार आणि मशीन गेलं तर पुन्हा पोती, म्हणजे खांद्याचाही निकाल आणि घराचाही. हे मामाला ठाऊक होतं, काकीला ठाऊक होतं, आणि मामी तर त्या मशीनची तब्येत रोज संध्याकाळी विचारायची.

सुपरवायझर हर्षित कल्याणहून यायचा. नवीनच लागलेला, केसांना जेल, कानांत इअरफोन, आणि प्रत्येक गोष्ट त्याला सिंपल. मामा, सिंपल आहे. बॅटरी घाला, सिंपल आहे. तिकडे मामा बॅटरी उलटी घालून अंगठ्याने दाबतोय, आणि हा म्हणतोय सिंपल आहे.

मशीन दिसायला काळं, कडांना जाड रबर, वजनाला अर्धी वीट. खाली पिस्तुलासारखी मूठ आणि मुठीला घोडा. म्हणून सगळे त्याला बंदूकच म्हणायला लागले. हर्षितने एक कागद काढला, त्यावर नुसत्या काळ्या रेघांचे चौकोन. बंदूक त्या रेघांवर धरून एकामागून एक घोडा दाबला, तशी ती आपोआप स्वतःला लावून घ्यायला लागली. वायफाय जोडलं, गोदामाचं ॲप उतरवून घेतलं, तारीख लावली. मामा बघतच राहिला. काकीला म्हणाला, ही आपली पत्रिका आपणच वाचते.

मग हर्षितने सगळ्यांसमोर बंदूक हात वर करून लादीवर सोडून दिली. आपटली, उडाली, खोक्याखाली गेली. मामाच्या तोंडून जी शिवी निघाली ती काकीने आम्हाला सांगितली नाही, पण तिने पदर तोंडाला लावला त्यावरून बरीच लांब असावी. हर्षितला फक्त दाखवायचं होतं की ही मजबूत आहे, पडली तरी काही होत नाही. मामाने बंदूक उचलली, पुसली, कपाळाला लावली आणि पुढचे दोन दिवस हर्षितच्या हातात दिली नाही.

पडदा काही मामाचं बोट मानेना. दाबलं तरी ढिम्म. मामाचं बोट म्हणजे आयुष्यभर काथ्या ओढलेलं. शेवटी हर्षितने हातमोजे घालून काम करणाऱ्यांसाठी असलेलं सेटिंग चालू केलं. मामाने मोजे घातले नव्हते, कातडीच तेवढी होती. मग पासवर्ड. हा कोणालाही सांगायचा नाही असं हर्षितने तीनदा बजावलं. मामाने मान डोलावली आणि एकेक अक्षर खळ्यावरच्या आवाजात म्हणत भरलं. गेटवरच्या वॉचमनलासुद्धा पाठ झाला.

शेवटचा धडा मोजण्याचा. गोदामात येतात कुकर. एका मापाच्या सगळ्या खोक्यांवर एकच बारकोड. त्यामुळे मशीनला हा खोका कुठला आणि तो कुठला हे कळत नाही, ते फक्त बीप मोजतं. हर्षित म्हणाला, "एक बीप, एक पीस. सिंपल आहे."

पहिला ट्रक लागला. मामा बंदूक घेऊन दाराशी उभा राहिला. पहिला खोका खाली आला. मामाने बंदूक कपाळाला लावली, खोक्यावर धरली, बीप. "लाऽऽभ." मग त्याच खोक्यावर पुन्हा, बीप. "एऽऽक." आणि पुढे दोन, तीन, अशी गाडी सुरू झाली. हमाल खूश, काम तालात व्हायला लागलं. ड्रायव्हर खाली उतरून ऐकायला उभा. हर्षित काचेच्या केबिनमध्ये, इअरफोन लावून.

चलानावर दोनशे खोके होते. मशीन म्हणालं दोनशे एक.

हर्षितने शेठला फोन लावला की पार्टीने एक पीस जास्ती पाठवलाय. शेठचा आवाज एकदम मऊ. त्यांच्या चलानावर दोनशेची सही दे, आपल्या स्टॉकला दोनशे एक चढव, आणि त्यांनी मागितला तर बघू. पुढच्या ट्रकलाही एक जास्ती. त्याच्या पुढच्याही. शेठला वाटलं, पार्टीकडे मोजणारा कोणी आंधळा बसलाय. तो बदलू नये एवढीच त्याची इच्छा होती. महिनाभरात शेठचा मामावर असा जीव बसला की मामाचा चहा साधा जाऊन स्पेशल झाला. शेठ यायचा तेव्हा मुद्दाम विचारायचा, काय धर्मा, खांदा बरा ना. मामा घरी जाऊन मामीला सांगायचा की बंदूक आपल्याला धार्जिणी हाय.

दिवाळी झाली आणि स्टॉक मोजायची वेळ आली. हर्षितने ते काम स्वतः केलं, मांडणी मांडणी फिरून, बोटाने. स्टॉकला जेवढे चढवले होते तेवढे कुकर भरेनात. पुन्हा मोजले, पुन्हा तेच. शेठ धावत आला. आता त्याची पंचाईत बघा. चोरी झाली म्हणून बोंब मारायची, तर चोरीला गेलेले कुकर चलानावर त्याचे नव्हतेच. म्हणून त्याने हळू आवाजात बोंब मारली. सगळ्यांच्या पिशव्या तपासायचा हुकूम निघाला. हर्षितने काकीच्या डब्याच्या पिशवीत डोकं घातलं. पाच लिटरचा कुकर, आणि हा बघतोय लोणच्याच्या बरणीमागे. काकी म्हणाली, बघ बाबा नीट, चपातीत गुंडाळून नेला असल.

पिशव्यांत काही निघालं नाही. तेव्हा शेठने ठरवलं की मशीन ज्याच्या हातात, गोम त्याच्याकडे. उद्यापासून कल्याणचा एक शिकलेला मुलगा बंदुकीवर, आणि धर्माने पहिल्यासारखं खोक्यांना लागायचं. मामा उजवा हात वर करायला गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

हर्षितला मात्र चैन पडेना. त्याने संध्याकाळी कागद काढून ताडून बघितलं, तर जेवढे ट्रक, तेवढेच कुकर कमी. त्याने इअरफोन काढला, खुर्ची उचलली आणि शेवटच्या ट्रकला दाराशी येऊन बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने मामाला ऐकलं. बीप, लाभ. त्याच खोक्यावर बीप, एक. हर्षित खुर्चीतून उठला.

"मामा, हा पहिला दोनदा का मारला?"

"दोनदा कुठं? पहिला लाभ. लाभ मोजीत नसतात."

"पण मशीनने मोजला ना तो."

"मी बोललो ना, लाभ. आख्ख्या गोदामानं ऐकलं. तिनं नाय ऐकलं ती तिची चूक."

हर्षितने समजावलं की मशीनला कान नाहीत, त्याला फक्त दिसतं. मामा बंदुकीकडे बघत राहिला. रोज घोडा दाबला की ती बीप करून ओ देते, मग ऐकत कशी नाही. हर्षितने सगळ्यांकडे वळून विचारलं की तुम्ही रोज ऐकत होता, कोणीच कसं बोललं नाही. हमालांनी माना खाली घातल्या. काकी म्हणाली, "आमाला वाटलं, यवढं शिकलेलं मशीन, त्याला लाभ नाय का ठाव?"

चोर सापडला, आणि चोरीला काहीच गेलं नव्हतं. हर्षितने शेठला फोनवर सगळं सांगितलं. शेठला आधी सुटल्यासारखं वाटलं, मग राग आला, कारण इतके महिने ज्या कुकरांवर तो मनातल्या मनात नफा खात होता ते सगळे एका दमात हवेत गेले. कल्याणचा मुलगा नक्की, असं तो म्हणाला. हर्षितने कधी नव्हे ते तोंड उघडलं. उद्या सकाळचा एक ट्रक मामाला द्या. चलान आणि मशीन जुळलं तर मामा राहील, नाही जुळलं तर तुमचा मुलगा. शेठ म्हणाला, मी स्वतः येऊन बघणार.

सकाळी ट्रक लागला. दारात शेठ, शेजारी हर्षित, मागे सगळं गोदाम हातातली कामं टाकून. पहिला खोका खाली आला. मामाने बंदूक धरली. आता फक्त एकदा घोडा दाबायचा आणि एक म्हणायचं. मामाने तोंड उघडलं. आवाज आला तो एखाद्या शाळकरी पोराचा, चिरका, मध्येच तुटलेला. 'ए' वर अडला. त्याने खाकरलं, पुन्हा 'ए', आणि पुन्हा घसा बंद. ज्या माणसाच्या आवाजाला रेंज लागत नाही, त्याच्या तोंडातून एक साधा आकडा निघेना. हर्षितने सुचवलं की मनात म्हणा, मामा, सिंपल आहे. मामाने मनात म्हणून बघितलं. बोट घोड्यावर होतं, पण दबेना. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

मामाने बंदूक टेबलावर ठेवली. शर्टाची बाही वर सारली आणि ट्रकच्या फाळक्याकडे गेला.

"खांदा देतो, शेठ. पर असं नाय मोजवत."

त्याने पहिला खोका उचललासुद्धा, डाव्या हाताने, उजवा नुसता टेकवून. खोका छातीपर्यंत आला आणि तिथेच थरथरायला लागला. दोन हमालांनी तो काढून घेतला. शेठ खाली बघायला लागला.

तेव्हा काकी पुढे झाली. हातात स्टिकरची गुंडाळी होती, ती तिने हर्षितच्या नाकासमोर धरली. "अरे, त्याला लाभापुरता येक खोटा स्टिकर काढून दे ना. आमी दिसभर खऱ्यांचे चिकटवतोय."

हर्षित केबिनकडे पळाला. कॉम्प्युटरवर नवा माल चढवायचा फॉर्म उघडला आणि नाव लिहिलं, लाभ. पण ते ॲप असं सोडत नाही, त्याला सगळं लागतं. हर्षित केबिनच्या दारातून ओरडून विचारायला लागला आणि मामा बाहेरून उत्तरं द्यायला लागला. वजन? काय नाय. रंग? नसतो. एक्सपायरी?

"लाभाला कुठली रे?" मामाचा आवाज परत आला होता, पत्र्यापर्यंत.

एका बीपचे पीस किती, तिथे हर्षितने शून्य भरलं. प्रिंटरमधून स्टिकर निघाला. दाराच्या चौकटीला दिवाळीचं शुभ-लाभ अजून लागलेलंच होतं. काकीने त्यातल्या लाभाच्या खाली तो स्टिकर चिकटवला आणि अंगठ्याने सगळ्या कडा दाबून घेतल्या. मामाने बंदूक उचलली, कपाळाला लावली, चौकटीवर धरली. बीप. पडद्यावर आलं, लाभ, शून्य. "लाऽऽभ." ट्रकच्या टपावर बसलेला कावळा उडाला. मग मामा वळला, पहिल्या खोक्यावर एकदाच घोडा दाबला, आणि 'एऽऽक' असा निघाला की ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढून घेतला.

ट्रक खाली झाला. चलान आणि मशीन बरोबर जुळलं. हर्षितने शेठला पडदा दाखवला. शेठ हो म्हणाला, राहू दे धर्माला, पण त्याचा चेहरा जरा पडलेलाच होता. जुळणारा आकडा त्याला बऱ्याच दिवसांनी बघायला मिळाला होता.

गोदाम पुन्हा कामाला लागलं. तेव्हा शेठने मामाकडे हळूच बंदूक मागितली. इकडेतिकडे बघितलं, चपला काढल्या आणि चौकटीवरच्या स्टिकरवर घोडा दाबला. बीप झाला. शेठने पडद्यावरचं शून्य बघितलं. मग हर्षितच्या कानाशी गेला आणि विचारलं, या शून्याच्या जागी एक नाही का करता येणार.

हर्षितने मामाकडे बघितलं. मामाने शेठच्या हातातून बंदूक काढून घेतली, काच शर्टाला पुसली आणि म्हणाला, "सरका शेठ, दुसरी गाडी लागलीय."