मिसरीच्या डबीतल्या गोळ्या

सुमन गेल्याचा फोन तिच्या भावानं, दिगंबरनं केला. रडणं आवरून त्यानं पहिली सूचना दिली : कुणी विचारलं तर कावीळ सांगायची. तोवर कुणी काही विचारलंही नव्हतं.

सुमन माझी चुलत बहीण, रेणापूरला दिलेली. नवऱ्याच्या आजारपणात तिलाही एचआयव्ही असल्याचं कळलं. मुलगी, पूजा, तपासणीत निगेटिव्ह आली. औषध लातुरात मिळत होतं, पण तिथल्या रांगेत गावाकडचं कुणीतरी भेटायचंच. म्हणून नवरा वारल्यावर ती औषधासाठी एसटीनं नांदेडला यायची, माझ्याकडे मुक्काम करायची. सासरी तिचं ताट-तांब्या वेगळं झालं होतं. झोप उडाली, कशात मन लागेना, आणि ती दारू पिऊ लागली. हे सगळं ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगायची. आवाज बदलायचा तो एकाच गोष्टीवर... पूजा नर्स होईपर्यंत जगायचं होतं.

एका संध्याकाळी तिनं पाण्याच्या बाटलीतून आणलेली दारू घेतली आणि मिसरीच्या डबीतून काढलेली गोळी परत डबीत टाकली. बाईच्या मिसरीला, दात घासायच्या त्या भाजक्या तंबाखूला, घरात कुणी हात लावत नाही, म्हणून पूजापासून लपवायच्या गोळ्या तिथं. मी कारण विचारलं.

"पिल्यावर गोळी घ्यायची न्हाई, तायी. दोन्हीचं मिळून इख होतं. मी शिस्तीत हाय."

ही शिस्त औषधाच्या रांगेतल्या बायकांनी शिकवलेली. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत दवाखान्यात गेले. समुपदेशक म्हणाले, आधी दारू सोडा, मग बोलू. ती का पिते, हे त्यांनी विचारलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं : दारू सोडवायला मदत करू, पण पिलीस तरी गोळी चुकवायची नाही. बाहेर येऊन सुमन हसली.

"पिऊन गोळी घे म्हणती. असली कुठं डॉक्टरीण असती व्हय?"

दारूवरून न रागावणारी डॉक्टर तिला खरी वाटेना. मी समजावलं, भांडले, फोन करत राहिले. ती हो म्हणायची... आणि शिस्त पाळायची. पुढं दारू रोजची झाली.

शेवटच्या खेपेला डबी माझ्या बेसिनवर राहिली. परवा पूजा आली. तिनं डबी ओळखली, उघडली. मी कावीळ सांगायच्या तयारीत होते.

"मला माहीत हाय, मावशी. लई दिवसांपासून," ती म्हणाली. "डबीतल्या गोळ्या सरत नव्हत्या, ते बी दिसायचं. पण विचारू कशी? मला माहीत न्हाई असं आईला वाटायचं."

झाकण लावून तिनं डबी होती तिथंच ठेवली.