स्वातीच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढे हात जोडले तेव्हाही नाही. आता तुम्हाला सांगते आहे, पण आधीच बजावते — माझी कीव करायची नाही.

माझ्या मुलीचा, स्वातीचा, डावा डोळा पहिल्यापासून नाकाकडे वळलेला. ऐंशी सालचं ते ग्रहण लागलं तेव्हा ती पोटात होती आणि त्या दिवशी मी भाजी चिरली. हो, चिरली. त्यात काय? आम्ही तेव्हा मानखुर्दला चाळीत राहायचो, हे ट्रॉम्बेला कारखान्यात होते. सासूबाई मालवणकडच्या. येईल त्याला त्या ऐकवायच्या, “गिराणात सुरी धरल्यान, म्हणान चेडवाचो डोळो असो झालो.” शेजारणी माना डोलवायच्या. बारशाला जा, हळदीकुंकवाला जा — आधी पोरीच्या तोंडाकडे बघायचं, मग माझ्याकडे. चार वर्षं मी ऐकून घेतलं. विसरले मात्र काही नाही.

ऑपरेशन मीच लावून धरलं. घरात सगळे नको म्हणत होते, पोरीच्या डोळ्याशी खेळू नका म्हणत होते. मी ऐकलं नाही, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. घाटकोपरच्या हॉस्पिटलात तिला आत नेलं तेव्हा ती नर्सच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. नंतर डोळा उघडला तो लालभडक, पाणी गळणारा — पण सरळ. पहिल्यांदाच माझ्या पोरीचे दोन्ही डोळे माझ्यावर होते. घरी आणल्यावर देवनारच्या जळत्या कचऱ्याचा धूर यायला लागला की मी भर उन्हाळ्यात खिडक्या लावून तिला वारा घालत बसायचे. मी काही केलं नाही, असं कुणी म्हणू नये.

मग पट्टी आली. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. डोळा सरळ झाला, पण त्याला बघायची सवय नाही. आता चांगला डोळा, उजवा, दिवसभर झाकून ठेवायचा, म्हणजे डावा कामाला लागेल. हे याच वयात करायचं, पुढे जमणार नाही. मला समजलं नव्हतं का? सगळं समजलं होतं.

काळ्या कापडाची पट्टी, मागे इलॅस्टिक. ती लावली की पोर भिंतीला हात टेकत चालायची, ताटात भात कुठे आहे ते बोटांनी शोधायची. मला ते बघवलं नाही म्हणून मी पट्टी काढली — असं सांगितलं तर तुम्ही मला सोडून द्याल. पण ते खोटं आहे. तेवढं मला बघवत होतं.

मुलुंडला नणंदेचं लग्न होतं. ती सगळी मंडळी येणार होती. आणि माझी पोर एक डोळा झाकून उभी राहणार? मग डोळा सरळ झाला हे त्यांना दिसणार कसं? आजच्यापुरतीच, असं ह्यांना सांगून हॉलच्या दारातच मी पट्टी काढून पर्समध्ये टाकली. बायका तिची हनुवटी धरधरून बघत होत्या. सासूबाई लगबगीने पंगतीकडे निघून गेल्या. त्या दिवशी मला जे सुख झालं ना — माझ्या स्वतःच्या लग्नातही झालं नव्हतं. ते सुख मला हवं होतं. आजही मी ते नाकारणार नाही.

मग चटकच लागली. सासूबाई लग्न उरकून गावी गेल्या होत्या. हे कामावर गेले की पट्टी काढायची आणि पोरीला घेऊन चाळभर हिंडायचं. त्यांच्या यायच्या वेळेला पुन्हा लावायची. मधल्या तपासण्या मी काहीबाही सांगून टाळल्या. आणि स्वाती? तीच कधी कधी पट्टी घेऊन माझ्यामागे यायची. “आई, लाव ना. डॉक्टर रागावतील.” मी म्हणायचे, थांब जरा.

वर्ष उलटून गेल्यावर हेच हट्टाने तिला डॉक्टरकडे घेऊन निघाले. मीही गेले. डाव्या डोळ्याने चित्रं ओळखायला सांगितली, तिला येईनात. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पट्टी दिवसभर असते ना? हे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी —

“ती काढून टाकते,” मी म्हणाले. “ऐकतच नाही.”

स्वाती समोर स्टुलावर बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं, दोन्ही सरळ डोळ्यांनी.

घरी आल्यावर ह्यांनी तिला धपाटे घातले. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. हात थांबले नाहीत माझे. त्यानंतर मी पट्टी एकदाही काढली नाही, पण बराच वेळ वाया गेला होता. डावा डोळा दिसायला सुंदर राहिला, नजर अधूच राहिली.

पुढे घरात ती गोष्टच होऊन बसली — स्वाती लहानपणी कशी हट्टी, पट्टी कशी ओरबाडून काढायची. ऐकून ऐकून तिलाही ते आठवायला लागलं. ती स्वतःच हसत हसत सांगायची. मोठेपणी एका चांगल्या नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत बाद झाली, त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाली, “माझंच चुकलं गं. तू तरी मला किती धरून ठेवणार होतीस?”

तेव्हा सांगता आलं असतं. घरात आम्ही दोघीच होतो. मी तिच्यापुढे चहा ठेवला आणि पोहे करू का, म्हणून विचारलं.

सासूबाईंवर ढकलू? चाळीतल्या बायकांवर? त्यांनी मला छळलं, खरं आहे. पण स्टुलावरच्या पोरीवर बोट मी दाखवलं. ते दुसऱ्या कुणी माझ्याकडून करून घेतलं नाही. हे गेले ते मुलीला दोष देतच गेले, आणि मी त्यांनाही तसंच जाऊ दिलं.

हे छापून आलं की मी स्वातीकडे जाणार आहे. तिच्या हातात देऊन तिच्यासमोर बसणार आहे. वाचून झालं की ती जे म्हणेल ते म्हणेल. नाही म्हणाली काही, तरी मी तिथून लगेच उठणार नाही.