भिंतीला पाणी मारण्याचा ठराव

समस्त वाचकांस कळविण्यात येते की पुढील मजकूर अत्यंत गंभीर असून एका प्राचीन वास्तूच्या जतनाविषयी आहे. कृपया पाठ ताठ करून बसावे. मध्येच एका जबाबदार गृहस्थाची जीभ भाजेल, तेव्हा हसू नये. मी हसले होते.

वास्तू म्हणजे माझ्या मामाच्या गावची पायविहीर. गाव खालापूर तालुक्यातलं, कुंभिवलीहून चालत जाण्याइतकं जवळ. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून ठणठणीत आहेत आणि भांडायला मोकळी आहेत. विहीर काळ्या दगडाची, आत उतरायला पायऱ्या, भिंतीत कोनाडे, आणि कोनाड्यांच्या वर एक दगडी हत्ती. ती किती जुनी, असं विचारलं की गाव म्हणे, "बरीच." पायऱ्या ढासळल्या होत्या, म्हणून सगळे वरूनच रहाटानं पाणी काढत.

सगळे म्हणजे आम्ही सोडून सगळे. दीक्षा घेऊन आम्हा बौद्ध घरांना सहा-सात वर्षं झाली होती. कायद्यानं विहीर आमचीही होती. नाही असं कुणी तोंडानं म्हणत नसे. फक्त आमच्यातली कुणी हंडा घेऊन गेली की कुणाला तरी नेमकं तेव्हाच रहाटाला तेल घालायचं असे. त्या रहाटाइतका तेल प्यालेला रहाट अख्ख्या रायगडात नसेल. मग आमच्या बायका मैलभर चालून ओढ्यावर जात आणि वाळूत खड्डा खणून वाटीवाटीनं हंडा भरत.

माझ्या मामीचा गुडघा त्या उन्हाळ्यात नारळाएवढा सुजला होता. तरी तिच्या दिवसाला तीन खेपा होत. मी नुकती शिक्षिका झाले होते आणि सुट्टीला मामाकडे आले होते. मी जाते म्हटलं की ती म्हणे, "तू शाई सांडतेस, पाणी काय आणशील?"  मामा तिच्या गुडघ्याकडे बघे आणि बिडी पेटवे.

मामा चुन्यातला गवंडी. ठाकुरवाडीच्या बाजूला घाटातल्या दगडी मोऱ्या दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. दोन वर्षांपूर्वी गावानं एका कंत्राटदाराकडून विहिरीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारून घेतला, तेव्हाच तो म्हणाला होता की हे टिकणार नाही. कुणी ऐकलं नाही. दोन पावसाळ्यांत भिंत फुगली, गिलाव्याचे पोपडे सुटले आणि ते दगड घेऊनच विहिरीत पडले. मग विहीर समितीचे अध्यक्ष आमच्या आळीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले, आत न येता, आणि मामाला बाहेर बोलावलं. मामा म्हणाला, "अण्णा, सिमेंट म्हंजी तंग सदरा. आतलं पाणी भायेर येऊ देत नाय, मंग भिंत फुगती. जुन्या दगडाला चुनाच पायजे."

अध्यक्षांचा जीव खरोखर त्या विहिरीत होता. हत्तीचा दगड हलला त्या दिवशी ते जेवले नव्हते. काम मामाला मिळालं.

विझवलेला चुना, वाळू आणि विटांचा भुगा असं सगळं बैलाच्या घाण्यात फिरू लागलं. त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी पडे. गूळ भिंतीत जातो की गवंड्यांच्या चहात, याची अध्यक्षांना फार शंका. ते घाण्यापाशी खुर्ची टाकून बसत. मामा अधूनमधून चुना बोटावर घेई, जिभेच्या टोकाला लावी आणि थुंकून टाकी. चुना किती मुरला हे त्याला चवीवरून कळे. एका संध्याकाळी अध्यक्षांना राहवलं नाही. आपण तीस वर्षं पान खातो आहोत, चुन्याची चव आपल्याला कोण शिकवणार, असं काहीसं म्हणत त्यांनी त्या दिवशीच विझवलेल्या ढिगातला चांगला बोरभर चुना तोंडात टाकला.

पुढचं मी सांगत नाही. बैलसुद्धा थांबला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीपाशीच समितीची सभा होती. हेडमास्तर लग्नाला कर्जतला गेलेले, म्हणून इतिवृत्त लिहायला मला बसवलं. अध्यक्ष तोंडात लोण्याचा गोळा धरून बसले होते. मामानं कामाच्या अटी सांगितल्या. बांधकाम झालं की भिंतीला एकवीस दिवस रोज पाणी मारावं लागेल, नाहीतर चुना धरणार नाही. हे अगदी खरं होतं. मग तो जमिनीकडे बघत म्हणाला की पाणी ह्याच विहिरीचं पाहिजे, आणि ज्या घरानं चुना मळला त्याच घरच्या बायांनी ते रहाटानं ओढून मारलं पाहिजे. पूर्वीपासूनची रीत आहे.

अशी रीत पूर्वी नव्हती, नंतर नव्हती, कुठंच नव्हती. मला ती ऐकूनच इतका आनंद झाला की माझी शाई सांडली.

अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. "अं," ते म्हणाले. "अं अं अं." आणि दोन्ही हात जोरजोरात हलवले. बाकीच्यांना अध्यक्षांआधी बोलायची सवय नव्हती. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'अध्यक्षमहोदयांनी दोन्ही हात उंचावून ठरावास अनुमोदन दिले,' आणि सहीसाठी वही पुढे केली. वाद घालायला जीभ लागते. त्यांनी वहीकडे पाहिलं, मग ढासळलेल्या भिंतीकडे पाहिलं आणि सही केली.

पायऱ्या बसल्या, भिंत उभी राहिली, हत्ती जागेवर गेला. आणि मामी रहाटावर गेली.

पहिल्या दिवशी गावातल्या बायकांनी आपापले हंडे हातभर मागे घेतले.  मामीनं एक हंडा भिंतीवर ओतला, दुसरा ओतला, तिसरा डोक्यावर घेऊन घरी आली. रिकामा हंडा घरी नेणं अशुभ, असं तिनं मला डोळा मारून सांगितलं. तिसऱ्या दिवशी आमच्या आळीतल्या सगळ्याच बायांनी चुना मळला होता असं निष्पन्न झालं. पाचव्या दिवशी कुणीतरी पलीकडून ओरडलं की डावा कोपरा कोरडा राहिलाय. दहाव्या दिवशी अध्यक्षांच्या बायकोनं मामीला सुनावलं, "आटप गं, किती येळ? माजा हंडा कवाचा थांबलाय." मामी घरी येऊन ते वाक्य आम्हाला तीनदा म्हणून दाखवत होती, हातवाऱ्यांसकट. तिला रांगेत उभं करून कुणी शिव्या घालाव्यात, हा मान तिला पहिल्यांदाच मिळत होता.

अध्यक्ष रोज सकाळी भिंतीला हात लावून बघत, ताप आलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसं.

एकवीस दिवस संपले. ठरावही संपला. बाविसाव्या दिवशी मामी हंडा उचलायला लागली तर मामानं तिला अडवलं. आता रीत नव्हती, कागद नव्हता. त्याचं म्हणणं, बोलावल्याशिवाय जायचं नाही. मामीनं विचारलं की मग काय पुन्हा ओढ्यावर जाऊ?  मामानं बिडी उलटी पेटवली. मामी रिकामा हंडा मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली, गुडघा चोळत. मलाही कुठली नवी खोडी सुचेना. ऊन अंगणात आलं, चूल विझली, आणि आळीतल्या सगळ्या बाया एकेक करून आमच्या दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

तेवढ्यात आळीच्या तोंडाशी अध्यक्ष दिसले. आंघोळ अर्धवट टाकून आलेले, कमरेला पंचा, एका कानाला साबण. ते तोंडाशी थांबले नाहीत. तरातरा थेट आमच्या अंगणात आले आणि मामीच्या हंड्याकडे बोट करून ओरडले, "अगं, बसलाय काय? भिंत पार सुकली. आत्ताच्या आत्ता पान्याला चला, नायतर तुमच्या नावानं गावभर बोंब मारीन!"