गाठोड्यातला राघू

दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसण्यात माझ्या बायकोच्या उदगीरच्या आत्याचा हात धरणारं माणूस अख्ख्या मराठवाड्यात नसेल, आणि असलंच तर त्यानं कृपा करून आमच्या घरी चहाला येऊ नये. या बाई आल्या की आधी पाणी नाही, ख्यालीखुशाली नाही. टेबलावरचा रुमाल उचलून पालथा करतात. भरतकाम सुलट बाजूनं बघायचं असतं हे त्यांना मान्यच नाही. मागच्या गाठी बघून त्या घरातल्या बाईचा स्वभाव सांगतात, तोही तिच्या नवऱ्यासमोर. जळकोटला माझ्या मेहुण्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा मुलीचे वडील कौतुकानं म्हणत होते, "हे सगळं आमच्या पोरीनंच भरलंय." आत्यांनी उशीचा अभ्रा काढला, उलटा केला आणि भर बैठकीत म्हणाल्या, "हे मशीनचं हाय, भाऊ. पोरगी चांगली हाय की तुमची, मग खोटं कामून बोलून राहिलात?" सोयरीक तिथंच मोडली. वर परतीच्या बसमध्ये आम्हालाच बोलणी, की एकालाही उलटून बघायचं सुचलं नाही.

पण त्यांचा खरा संताप बोहारणीला जुनेर देणाऱ्यांवर. रुखवतात मांडायला पोरींनी डोळे फोडून मॅटीच्या कापडावर मोर भरायचे आणि पुढं सुनांनी ते स्टीलच्या डब्यापायी देऊन टाकायचे, हे त्यांना सहन होत नाही. म्हणून त्या बोहारणीला ओट्यावर बसवून उलटा सौदा करतात: घरातली भांडी द्यायची आणि तिच्या गाठोड्यातले मोर घ्यायचे. त्यापायी त्यांच्या किराणा दुकानदार यजमानांनी एकदा तव्यात वरणभात खाल्ला आहे. मग ते मोर रिठ्याच्या पाण्यात भिजणार, गंजाच्या डागांना लिंबू-मीठ लागणार, आणि न पिळता सावलीत सुकणार. माणसांशी मात्र ही बाई कधी इतकं हळुवार वागली नाही. असल्याच एका मोरानं मी स्कूटर पुसताना त्यांनी पाहिलं. "जावईबापू, यानं पुसा," म्हणत त्यांनी माझा इस्त्रीचा सदरा आणून हातात दिला, आणि पुसून होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

त्याचा वचपा काढायचा म्हणून उदगीरला गेलो तेव्हा मी खोचकपणे विचारलं, "सगळी भांडी देता, मग फळीवरचं ते कोरं पातेलं का नाही देत?" आत्यांनी ते पातेलं खाली काढून पदरानं पुसलं.

"त्याचा सौदा ठरलाय," त्या म्हणाल्या. "माझ्या रुखवतात दोन राघू होते. लग्न अलीकडं ओढलं, म्हणून एकाची चोच भरायची राहिली. पहिल्याच दिवाळीला माहेरी गेले, तर सासूबाईंनी बोहारणीला राघू दिले अन् हे पातेलं घेतलं. मी त्याच्यात कधी पाणीबी तापवलं न्हाई. राघू सापडले की हेच द्यायचं, दुसरं न्हाई."

ते राघू कधीच कुणाचं तरी फडकं होऊन संपले असतील. हे मला कळतं, आत्यांनाही कळत असणार. मी कधीही न पाहिलेल्या त्या सासूचा मला अजून राग येतो.

हल्ली लातूरला आमच्या गल्लीत बोहारीण आली की मी तिला गाठोडं सोडायला लावतो. बायको आतून हाका मारत राहते. हिरव्या धाग्याचं काही दिसलं की मी ते उचलतो, चोची बघतो, आणि मग सवयीनं पालथंही करतो.