नांगराला एक, शर्यतीला एक

आमच्या घरात मोटारसायकल कुठली घ्यायची, हे ठरवण्याचा अधिकार बैलांच्या जाणकाराकडे होता.

हे जाणकार म्हणजे माझे चुलते, नाना. साताऱ्याकडच्या आमच्या गावात उमेदीच्या काळात त्यांनी शर्यतीचे बैल बाळगले होते. पुढे तुर्भ्याच्या बाजारात पोती वाहायला आले आणि इकडचेच झाले. माझे वडील लवकर गेले, त्यामुळे घरात शेवटचा शब्द नानांचा. लग्नासाठी सुमनला बघायला गेलो तेव्हाही नाना बरोबर होते. त्यांनी तिला नाव विचारलं नाही की शिक्षण विचारलं नाही. "पोरी, त्या आडापत्तोर जाऊन ये बरं," एवढंच म्हणाले. ती गेली, आली. नानांनी मान हलवली आणि लग्न ठरलं. (सुमनने हे अजून माफ केलेलं नाही. माझी चाल तिच्याकडच्यांनी बघायला हवी होती, असं ती आजही म्हणते.)

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. आम्ही नवरा-बायको नेरूळला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो होतो. मी जवळच्या पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो आणि मला मोटारसायकल हवी होती. एकच, पण दोन कामांसाठी.

पहिलं काम सुमनचं. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेला आम्ही एसटीने गावी गेलो होतो. नवी सून गावच्या वेशीत उतरली ती हातात लिंबू, चेहरा हळदीसारखा, आणि पायरीवरून उतरता उतरता तिने गावच्या मातीला जे अर्पण केलं ते पन्नास बायकांनी पाहिलं. "लवकरच गोड बातमी दिसतीया," असं सगळ्या गावात झालं. बातमी वगैरे काही नव्हती, फक्त घाट होता. त्या रात्री सुमन मला म्हणाली, "पुढच्या जत्रेला मी त्या वेशीतून मान वर करून येणार. मोटारसायकलवरून. मोकळ्या हवेत मला काही होत नाही. नाहीतर मी येणारच नाही." मी शब्द दिला. नवीन लग्नात माणूस कशालाही शब्द देतो.

दुसरं काम माझं. सीवूड्सच्या बाजूला तेव्हा रस्ते आले होते आणि माणसं यायची होती. खाडीकडे जाणारा एक रुंद, कोरा रस्ता होता. तो काही अंतर तोऱ्यात जायचा आणि मग चिखलात संपायचा. दर रविवारी सकाळी आसपासच्या कारखान्यांतली पोरं तिथे मोटारसायकली पळवायची. आम्ही त्याला 'ट्रॅक' म्हणायचो. (ट्रॅकवर म्हशी बसलेल्या असल्या की रेस पुढच्या रविवारी.) मी कडेला उभा राहून टाळ्या वाजवून कंटाळलो होतो. मलाही पळवायची होती.

तेव्हा लांबच्या प्रवासाला चालेल आणि ट्रॅकवरही पळेल, अशी एक गाडी घ्यायची, हे मी नानांच्या कानावर घातलं.

नानांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "एकच?"

"एकच."

"नांगराचा बैल येगळा आन् शर्यतीचा येगळा. नांगराच्याला शर्यतीत सोडलास तर हसं हुतंय. शर्यतीच्याला नांगराला जुंपलास तर त्यो बसतोय. एकाच बैलाकडनं दोन्ही करून घ्यायला बघणारा मानूस मी अजून सुखी झाल्याला बघितला न्हाई."

"नाना, ती मशीन आहे. बैल नाही."

"मग तर लईच अवघड हाय. बैलाला निदान कळतंय तरी."

तरीही नाना गाडी बघायला आले. कारण वस्तू बाजारातून आणायची आणि नानांनी तिच्याभोवती एक फेरी मारायची नाही, हे आमच्यात बसत नव्हतं.

तळवलीला माझा मित्र हरेश म्हात्रेचं गॅरेज होतं. हरेश तिथलाच, गावातला, आणि ट्रॅकवरचा राजा. त्याच्याकडे जुन्या गाड्या विकायला असत. एक जाडजूड, धडधडणारी गाडी होती, नाना तिच्याकडे बघून म्हणाले, "नांगर." दुसरी सडपातळ, किंचाळणारी, नाना म्हणाले, "शर्यत." मी बोट दाखवलं ते तिसरीकडे. ती धड जाड नव्हती, धड बारीक नव्हती.

नाना तिच्या मागे जाऊन उकिडवे बसले आणि चाकं सरळ आहेत का ते बघत राहिले. उठून सीटवर थाप मारली. मग, बैलाचं वय दात मोजून विचारतात तसं, हरेशला विचारलं, "दाती किती हाय?"

"नाना, गारीला दात नसतान."

नानांनी मागच्या चाकाला लागलेल्या, चेन फिरते त्या दातेरी चकतीवर बोट ठेवलं. "मग हे काय हाय?"

हरेश माझ्याकडे बघायला लागला. मी आभाळाकडे.

खरी गंमत भाव ठरवताना झाली. गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर उपरणं टाकायचं आणि त्याखाली बोटं दाबून आकडा सांगायचा. नानांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, हरेशचा हात धरला, वर टॉवेल टाकला आणि त्याच्या डोळ्यांत बघत बोटं दाबायला सुरुवात केली. हरेशला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला गहिवरून आलंय.

"नाना, माजा हात सोरा ना," तो हळूच म्हणाला. "रस्त्यावरची मानसा बगतान."

"आधी बोट दाब."

हरेशने घाबरून दिसेल ते बोट दाबलं. नानांचा चेहरा उजळला. त्यांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि जाहीर केलं की सौदा झाला. किती ठरलं ते हरेशला कळलं नाही आणि नानांनी सांगितलेला आकडा ऐकून तो बराच वेळ एका टायरवर बसून राहिला. पण व्यवहार मोडला नाही. "मोठ्या मानसानी हात धरला, आता नाय कसा म्हनू?" एवढंच तो म्हणाला.

गाडी घरी आली. सुमनसाठी साडीगार्ड बसला, पाय ठेवायला पट्टी बसली, मागे कॅरियर बसलं. हे झालं प्रवासाचं. आता शर्यतीचं राहिलं. मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की मागची दातेरी चकती बदलून लहान बसवली की गाडीचा वेग वाढतो. मी लगेच हरेशकडून तशी बसवून घेतली. चढावरची ताकद जाते, हेही त्यात लिहिलेलं होतं म्हणे. ते पुढच्या पानावर होतं आणि पुढचं पान सुमनने डब्याखाली घातलं होतं.

आणि नेमकं असं झालं की ज्या रविवारी जत्रा, त्याच रविवारी ट्रॅकवर वर्षातली मोठी रेस. मला यात काही अडचण दिसली नाही. उलट एक गाडी दोन कामं करते हे एकाच दिवसात सिद्ध होणार होतं! सकाळी रेस, तिथूनच गावाला, संध्याकाळी जत्रेत.

"आमचा ट्रक रिकामा चाललाय गावाकडं," नाना सुमनला म्हणाले. बाजारात माल उतरवून परत जाणाऱ्या ट्रकमधून गावची सगळी मंडळी दरवर्षी जत्रेला जात. "केबिनमधी बस, पोरी. हवा बी लागंल."

"नको नाना. मी गाडीवरूनच येणार," सुमन म्हणाली. "यांनी शब्द दिलाय."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "शर्यतीच्या बैलाला मैदानापत्तोर चालवत नेत न्हाईत, टेंपोत घालून नेत्यात. एवढं ध्येनात ठिव."

रविवारी सकाळी ट्रॅकवर नाना ट्रकसकट हजर. बरोबर बाजारातली गावची मंडळी, जत्रेसाठी घेतलेली हलगी आणि गुलालाचं पोतं. नानांनी गाडीच्या हँडलला हळदीचा रुमाल बांधला, पुढच्या चाकापुढे नारळ फोडला. हलगी वाजायला लागली. बाकीचे स्पर्धक जीन्स घालून आले होते. मी मात्र साडीगार्ड असलेल्या गाडीवर, कपाळाला कुंकू लावून बसलो होतो. सुमन पिशव्या घेऊन बाजूला उभी होती आणि मला ओळखत नसल्यासारखं दाखवत होती.

इशारा करणाऱ्या पोराच्या हातातला रुमाल खाली पडला. सगळे निघाले. मीही निघालो, पण विचार करत करत. लहान चकतीची गाडी वेग घ्यायला वेळ लावते, हेही बहुधा त्या पुढच्या पानावरच होतं. माझी गाडी खरोखर पळायला लागली, वारा कानात घुमायला लागला, मला वाटलं हाच तो क्षण, आणि रस्ता संपला. पुढे खाडीचा चिखल होता, आणि चिखलाच्या अलीकडे हरेश हेल्मेट काढून केस विंचरत होता. तो पहिला आला होता. मी आलो तोपर्यंत त्याचा भांग पाडून झाला होता.

"अरे, ही चकती तूच बसवलीस ना?" मी म्हणालो.

"तूच बोललास बसव. दोस्ताला नाय कसा बोलू?"

परत आलो तर नानांच्या मंडळींनी गुलालाचं पोतं माझ्यावर मोकळं केलं. मी शेवटचा आलोय असं सांगितलं, पण हलगीत ऐकू कोणाला जाणार? "आनलेला गुलाल परत न्हेत न्हाईत, अपशकुन असतोय," नाना म्हणाले. थोडा सुमनवरही पडला. अशा लाल तोंडांनी आम्ही पनवेलच्या रस्त्याला लागलो.

खोपोलीपर्यंत सुख होतं. सुमन मागे गाणं म्हणत होती. मला वाटलं, रेस गेली तर गेली, पण हे खरं. आयुष्यात नंतर बऱ्याच गाड्यांतून फिरलो, पण पाठीवर तिचा हात आणि समोर मोकळा रस्ता, इतका मी कधी खूष झालो नाही.

मग बोरघाट लागला. पहिल्या चढावर गाडी कण्हली. दुसऱ्या चढावर मी म्हणालो, "सुमन, जरा पुढे सरकून बस." तिसऱ्या चढावर म्हणालो, "सुमन, जरा उतरतेस का?" ती उतरली. ती चालत माझ्या पुढे निघून गेली. पुढच्या वळणावर ती कठड्यावर बसून माझी वाट बघत होती. मी पोहोचलो, आणि गाडीने एक मोठा सुस्कारा टाकला आणि इंजिन जाम झालं. नानांच्या भाषेत सांगायचं तर बसली.

मी गाडी ढकलायला लागलो. शर्टावरचा गुलाल घामाने ओघळून पँटवर आला. जाणारे ट्रक थांबून विचारत, "ॲक्सिडेंट?" सुमन शांतपणे सांगे, "नाही, रेस." ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "म्हणजे मी याही वर्षी मान खाली घालूनच उतरणार तर." तिचे डोळे भरून आले होते. तेव्हा मात्र मला त्या चकतीसकट घाटात उडी मारावीशी वाटली.

तेवढ्यात मागून हलगी ऐकू आली. ट्रक थांबला. नाना केबिनमधून उतरले, घामाघूम मला वरून खालपर्यंत पाहिलं, गाडीभोवती फेरी मारली. फळ्या लावून गाडी ट्रकमध्ये चढवली, तिच्या बाजूला मला चढवलं, आणि सुमनला केबिनमध्ये खिडकीशी बसवलं. शर्यतीचा बैल टेंपोत घालून नेतात, हे मी ध्यानात ठेवलं नव्हतं. नानांनी ठेवलं होतं.

दिवस कलताना गाव आलं. पण वेशीच्या अलीकडेच, टेकावर, नानांनी ट्रक थांबवला आणि गाडी खाली उतरवायला लावली.

"नाना, इंजिन बंद आहे."

"उताराला इंजिन कशाला पायजे? बस. पोरी, तू बी बस. मान वर."

सुमनने चेहरा पुसला, पदर नीट केला आणि बसली. नानांनी मागून एक धक्का दिला, आणि आमची स्वारी वेशीतून जत्रेत शिरली. आवाज नाही, धूर नाही. सुमनचा पदर उडतोय, दोघांच्या तोंडाला गुलाल, हँडलला हळदीचा रुमाल, मागे हलगी वाजवत पळणारी मंडळी. सगळ्या गावाने वाट करून दिली. गेल्या वर्षीच्या त्याच बायका पुढे होत्या. "बाई बाई, जितून आल्याती जनू," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "आन् गाडी बघ किती भारी, आवाज सुदीक न्हाई!"

सुमन मागून कुजबुजली, "अहो, उतार संपत आलाय."

देऊळ अजून लांब होतं. गाडी मंदावली, डुलली आणि चौकाच्या मध्यावर थांबली. मी सुमनकडे पाहिलं. ती उतरली नाही. तिने फक्त मान आणखी थोडी वर केली. मग मी उतरलो आणि तिला तशीच बसवून, अख्ख्या गावादेखत, गाडी देवळापर्यंत ढकलत नेली. तिने हँडल धरलं होतं.

देवळापाशी नाना माझ्याजवळ आले. दम लागल्यामुळे मी वाकलो होतो. त्यांनी माझ्या पाठीवर एक थाप मारली, हुबेहूब त्या सीटवर मारली होती तशी.

"तू म्हनत हुतास ते खरं निघालं बरं का. एकच बैल, नांगराला बी चालतोय आन् शर्यतीला बी. माझंच चुकलं. मी उगा गाडीत बघत बसलो."

नाना आता नाहीत. जत्रा आली की त्यांची फार आठवण येते, विशेषतः चढ लागला की. गाडी आम्ही त्याच वर्षी हरेशला परत विकली. बैल सुमनकडे अजून आहे.