वरंध गाडीतला उपवास

"बसा ना, जागा हाय."

असं म्हणून तो आधी शर्टाच्या बाहीने बाजूची सीट पुसायचा आणि मग तळहाताने थापटायचा. एसटी ही जणू त्याच्या घरची पडवी आणि चढणारा प्रत्येक जण त्याचा पाहुणा. गाडी दुपारची, महाड स्टँडवरून सुटून बिरवाडीमार्गे वरंधला जाणारी. पाय ठेवायला जागा नसायची. पण त्याच्या तीन जणांच्या बाकावर दोन जागा रिकाम्या असायच्या. तुम्हीही त्या गाडीत असाल. नसाल, तर तशाच दुसऱ्या कुठल्या गाडीत असाल. वरच्या दांड्याला लोंबकळत, घाम पुसत, तुम्ही ती जागा पाहिली असेल आणि न पाहिल्यासारखं करून पुढे सरकला असाल.

तो नेपाळचा होता. स्टँडजवळच्या एका बेकरीत कामाला. पहाटेपासून भट्टीपुढे उभा, दुपारी मोकळा, मग बिरवाडीतल्या भाड्याच्या खोलीवर. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. गाडीत त्याला सगळे 'बहादूर' म्हणत. साथीच्या काळात 'कोरोना' म्हणत, लहर आली की 'चिनी'. खरं नाव विचारायला तेव्हा कुणाला फुरसत नव्हती. आता वाचून तरी काय करणार?

मी त्याच गाडीने बिरवाडीला शिकवण्या घ्यायला जात असे. माझं बालपण पोलादपूरच्या पुढच्या वाडीतलं, बौद्ध वस्तीतलं, पत्रकांच्या गठ्ठ्यांमध्ये गेलेलं. बाबा गावोगाव चळवळीची पत्रकं वाटायचे आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवायचे. एखाद्या माणसाच्या शेजारची जागा रिकामी का राहते, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या वाडीला ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आणि हे तर तळ्याचं महाड. दरवर्षी इथे मांडव पडतो, माणसाने माणसाशी कसं वागावं यावर भाषणं होतात, आणि या गाडीतलीच काही माणसं त्या मांडवात पुढच्या खुर्च्या धरायला रुमाल टाकून ठेवतात.

रुमालावरून आठवलं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली, हा कायदा आपल्याकडे सगळे पाळतात. कुठल्याही पुस्तकात नसलेला आणि सगळ्यांनी मानलेला बहुधा हा एकच कायदा. तोही तो शिकला होता. पण त्याचा रुमाल लोक दोन बोटांनी उचलून खाली टाकायचे आणि जागेवर बसायचे. मग तो मागून यायचा, रुमाल उचलायचा, झटकायचा, आणि मागच्या चाकावरच्या, हाडं खिळखिळी करणाऱ्या बाकावर जाऊन बसायचा. तिथे बसून पुन्हा तेच.

"बसा ना, जागा हाय."

"या लोकांना वास येतो गो," असं पायाशी सुकटीची पिशवी घेतलेली एक बाई नाकाला पदर लावून शेजारणीला सांगायची. वास त्याला यायचा खरा. गरम पावाचा आणि तुपाचा. त्याच गाडीतल्या निम्म्या पिशव्यांमधून त्याच बेकरीचे पाव डोकावत असायचे. हे पाव त्याने पहाटे मळलेले, त्याने भाजलेले. ते मांडीवर घेऊन बसायला यांना चालायचे. त्याच्या मांडीला मांडी लागलेली मात्र चालायची नाही.

या सगळ्यांचे मुकुटमणी म्हणजे पेपरवाले काका. निवृत्त माणूस, कडक इस्त्री, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. ते बातम्या मोठ्याने वाचायचे, कारण बाकीच्या गाडीला वाचता येत नाही असा त्यांचा समज होता. त्यांचा मुलगा परदेशात होता आणि हे गाडीतल्या दांड्यालाही माहीत होतं. एकदा त्यांनी अशीच बातमी वाचली. तिकडे कुठल्याशा शहरात आपल्या एका मुलाला ट्रॅममध्ये गोऱ्यांनी सुनावलं होतं, तुझ्या देशात परत जा. गाडी हळहळली.

काकांचा आवाज चढला. "काय माणसं आहेत का कोण? आमचा चिरंजीव सांगतो ना. शेजारी जागा रिकामी असते, पण हे लोक बसत नाहीत. उभे राहतात. आपला पोरगा काय माणूस नाय?"

काका हे उभ्याने बोलत होते. त्यांच्या गुडघ्याला लागून जी जागा होती ती रिकामी होती. त्या जागेच्या पलीकडून आवाज आला, "खरं हाय, काका. बसा ना, जागा हाय."

काकांनी पेपर उलटला आणि दुसऱ्या हाताने दांडा धरला. बिरवाडीपर्यंत ते उभेच होते. एवढ्या मोठ्या माणसाला एवढी छोटी गोष्ट कळू नये, याचं मला नवल वाटलं नाही. या लोकांचा अपमान फक्त परदेशात होतो. इथे ते फक्त करतात.

मी त्याच्या शेजारी बसू लागले. त्याबद्दल कौतुक नको; पाय माझेही दुखत होते. बसले की कुणी ना कुणी काही बोलायचं, आणि मी उलट बोलायचे. सुकटवालीशी भांडले, काकांशी भांडले. पण तो मध्ये पडायचा.

"भांडू नका ना, ताई. लोक चांगले हायत."

"चांगले? तुझा रुमाल पायाखाली घालतात."

"घाई असते त्यांना."

प्रत्येक अपमानाला त्याच्याकडे कारण तयार असे. शिवी दिली, तर उकडतंय म्हणून. ढकललं, तर ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून. खरं सांगते, मला त्याचा रागच यायचा. आमच्या बाबांच्या एकाही पत्रकात असा माणूस नव्हता. तिथला माणूस दुसऱ्या परिच्छेदातच पेटून उठायचा.

मग एके दिवशी त्याने त्यामागचं कारण सांगितलं. त्याची बायको येणार होती. लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि दोघं एकत्र राहिली होती ती फक्त त्याच्या सुट्ट्यांमध्ये. ती यायला घाबरायची. तिच्या भावाला इकडेच कुठेतरी चालत्या गाडीतून मारून उतरवलं होतं. तो परत गेला तो लंगडत. म्हणून हा फोनवर तिला सांगत राहिला की महाड तसं नाही. इथले लोक फार चांगले. गाडीत माझ्या बाकावर रोज जागा ठेवतात, तू येशील म्हणून.

"तिला कळलं तर ती राहणार नाय, ताई. मलापण घेऊन जाईल," तो म्हणाला. "तिथे काय हाय? शेत नाय, काम नाय."

मग म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही आमच्याजवळ बसाल? पण भांडायचं नाय. काय पण झालं तरी."

मी हो म्हणाले. आयुष्यात इतकं अवघड काम मी क्वचित अंगावर घेतलं असेल.

ती आली. लहानशी, सरळ नजरेची, पाठीवर पोतं आणि हातात स्टीलचा डबा. बेकरीत चहा पिऊन, भट्टी बघून दोघं गाडीत चढली. ती खिडकीशी, तो मध्ये, मी कडेला. गाडी भरली, आणि माझ्या खांद्याशी पेपरवाले काका येऊन उभे राहिले. त्यांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"घ्या. आता बायकापण यायला लागल्या. उद्या अख्खी आळी वसवतील इथं," ते गाडीला म्हणाले.

गाडी हसली. ती नवऱ्याकडे वळली. चेहऱ्यावर प्रश्न होता, काय म्हणतात? त्याने नेपाळीत काहीतरी सांगितलं, आणि तिने काकांना हसून दोन्ही हात जोडले. काका गोंधळले. मी हळूच विचारलं, "काय सांगितलंस?"

"म्हटलं, विचारतात, वहिनींचा प्रवास नीट झाला का?"

मी ओठ दातांखाली धरले.

तेवढ्यात तिने डबा उघडला. आत तांदळाच्या पिठाच्या, कड्यासारख्या गोल, तळलेल्या रोट्या होत्या. त्यांच्याकडे सणाला करतात. गावाहून इथवर तिने त्या जपून आणल्या होत्या, आणि नवऱ्यासाठी जागा ठेवणाऱ्या या चांगल्या माणसांना त्या द्यायच्या होत्या. तिने पहिली काकांपुढे धरली.

"नको. असलं काही आम्ही खात नाही. कुणाच्या हातचं, कसलं तेल," काका म्हणाले.

तो तिला काहीतरी म्हणाला आणि तिने समजून मान डोलावली. मला त्याने मराठीत सांगितलं, "म्हटलं, उपवास हाय त्यांचा."

इथे इतकी वर्षं राहून तो आपल्याला बरोबर ओळखून होता. उपवास म्हटलं की आपल्याकडे पुढे कुणी काही विचारत नाही.

तिने ती रोटी सुकटवालीपुढे केली. तिने तोंड फिरवलं. उपवास. मागच्या बाकावरच्या माणसाने हात झटकला. उपवास. पुढे एक पोरगी घेणार होती, तर तिच्या आईने हातावर चापट मारली. तिचाही उपवास. एवढी धार्मिक गाडी कोकणात दुसरी नसेल. सुकटीच्या पिशवीसकट सगळी व्रतस्थ बसली होती. शेवटी ती रोटी मी घेतली आणि खाल्ली. गोड होती.

ती समाधानाने बसली. आणि तेव्हा पेपरवाल्या काकांना भूक लागली. त्यांनी पिशवीतून बेकरीचा पुडा काढला, दोरा तोडला आणि खारी खाऊ लागले. तीच खारी. थोड्या वेळापूर्वी भट्टीपाशी नवऱ्याने तिला स्वतःच्या हाताने दिलेली, ही मी करतो म्हणून सांगितलेली. चुरा माझ्या खांद्यावर पडत होता.

तिने खारीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. तो तिच्यावरून खिडकीबाहेर बघत होता, कारखान्यांच्या चिमण्या मोजत असल्यासारखा. मग तिने सावकाश डब्याचं झाकण लावलं आणि त्याला काहीतरी म्हणाली. तो मोठ्याने हसला. सुटल्यासारखा.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणते, लोक खरंच चांगले हायत. उपवास मोडला तरी तुमच्या हातचीच खारी खातात."

तो तिच्या भोळेपणाला हसत होता. मी तिच्याकडे पाहिलं. ती भोळी नव्हती.

ती राहिली. बिरवाडीत घरमालकिणीकडे धुणंभांडी करता करता तिने आमची भाषा त्याच्यापेक्षा लवकर उचलली. पण गाडीत तो बरोबर असला की तिला एक शब्द कळायचा नाही. कुणी काही बोललं की त्याच्याकडे वळायची, तो काहीतरी छान सांगायचा, ती हात जोडायची. एकदा त्यांच्या खोलीवर मी याचा विषय काढणार, तोच तिने तोंडावर बोट ठेवलं. तो मोरीवर पाणी भरत होता.

"उनको मत बोलना, दीदी, कि मुझे समझता है," ती म्हणाली. "वो बहुत मेहनत करते हैं, बनाने में."

एका बाजूने त्याने माझं तोंड बंद केलं होतं, दुसऱ्या बाजूने तिने. आणि मधे ती गाडी, खात, पेपर वाचत, परदेशातल्या आपल्या मुलांसाठी हळहळत चाललेली.

पुढे आळीतल्या लोकांनी घरमालकाला सांगितलं की बाहेरच्यांना खोली नको. मालक तसा वाईट नव्हता. वाईट असायलाही थोडी हिंमत लागते. त्याने खोली मागितली. याने बायकोला सांगितलं की मालकाच्या पुतण्याचं लग्न आहे, जागा लागते. तिने विचारलं, मुलगी कुठली केली?

तिला मी दिलेला शब्द इथे मोडला आहे असं तुम्हाला वाटेल. पण त्याला वाचता येत नाही. तिला येतं, अक्षरं त्यांची आणि आपली एकच. हे कधी त्यांच्या हाती लागलंच, तर तिलाच त्याला वाचून दाखवावं लागेल. ती काय वाचून दाखवेल हे मला माहीत आहे. ती म्हणेल, ताईने महाडच्या लोकांचं फार कौतुक लिहिलंय.

गोव्याला त्याचा एक चुलत भाऊ होता, तिकडे ती दोघं निघाली. मी स्टँडवर गेले होते. सकाळची वेळ, पोती, पत्र्याची पेटी, गादीची गुंडाळी, तोच स्टीलचा डबा. गाडी लागली. कंडक्टर दारात उभा राहून सामानाकडे बघत होता.

"अख्खा नेपाळ भरून आणलास काय रे?" तो म्हणाला. "चला, निघा एकदाचे. घाण जाईल तेवढी बरी."

ती नवऱ्याकडे वळली. चेहऱ्यावर तोच प्रश्न. या वेळी त्याला जरा वेळ लागला. पेटी खांद्यावर होती, आणि बहुधा सुचतही नव्हतं. मग तो तिला काहीतरी म्हणाला. तिने कंडक्टरला हात जोडले. नंतर माझ्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली.

मी त्याला विचारलं, "काय म्हणतो कंडक्टर?"

"म्हणतात, पुन्हा या."